'ताराबाई'ने अडवलेलं जहाज

सोळाव्या शतकात वसईच्या पाण्यातून माल घेऊन निघालेल्या तांडेलाकडे एक कागद असावाच लागे. पोर्तुगीज त्याला कार्ताझ म्हणत. गलबताचं नाव काय, ते केवढं, त्यावर तांडेल कोण, हत्यारं किती, निघालं कुठून आणि चाललं कुठे, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. अमुक माल न्यायचा नाही, तमुक बंदरात जकात भरल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, अशा अटी असत. पोर्तुगीज जहाज जवळ आलं की शीड उतरवायचं आणि कागद दाखवायचा. कागद नसला, किंवा कागदात नसलेली एखादी गोणी निघाली, की माल गेला, गलबत गेलं. कधी माणसंही गेली.

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई पोर्तुगिजांना लिहून दिली. पुढची दोनशे वर्षं हे गाव त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होतं. गोव्याहून खंबायतकडे जाणाऱ्या व्यापारी गलबतांचे काफिले लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात या किनाऱ्याने जात. आजच्या विरार पश्चिमेला आगाशीत तर पोर्तुगिजांच्या आधीपासून जहाजं बांधली जात, तीही युरोपची सफर झेपेल अशी. वैतरणेच्या खोऱ्यातला साग हाताशी होता आणि कारागीर गावातले होते. या किनाऱ्याला जहाज बांधणं नवं नाही आणि जहाज अडवणंही नवं नाही.

वसईचा इतिहास सांगताना आपण मराठ्यांनी पोर्तुगिजांच्या तटाला लावलेले सुरुंग सांगतो, चर्चमधून काढून देवळोदेवळी नेलेल्या घंटा सांगतो. त्या लढाईच्या मुळाशी समुद्रावर कुणी कुणाला अडवायचं हा तंटा होता, ते मात्र बहुधा राहून जातं. पोर्तुगिजांचं पाहून इतरांनीही आपापले परवाने काढले होते. कान्होजी आंग्र्यांचं दस्तक हे त्यातलंच. दस्तकाशिवाय सापडलेलं जहाज कान्होजी धरून नेत, म्हणून इंग्रज त्यांना चाचा म्हणत. इंग्रज स्वतःचे परवाने विकत, ते मात्र राज्यकारभारात मोडे. ज्याच्या परवान्याला आपण भीक घालत नाही तो चाचा, एवढी सोपी व्याख्या होती.

हे कान्होजी १७१३-१४ पर्यंत महाराणी ताराबाईंच्या बाजूचे. तेव्हा बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंच्या बाजूला वळवलं. त्याच बाळाजींचे धाकटे चिरंजीव चिमाजी अप्पा. त्यांच्या मोहिमेत १७३७ मध्ये अर्नाळा मराठ्यांकडे आला आणि मे १७३९ मध्ये वसई. मानाजी आंग्र्यांचं आरमार तेव्हा मराठ्यांच्या बाजूने पाण्यात होतं. पुढे सतराच वर्षांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांना नमवलं आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. आपल्या इतिहासातल्या करंट्या दिवसांची यादी केली तर हा दिवस बराच वर येईल. त्यानंतर या समुद्रात 'थांब' म्हणण्याचा हक्क इंग्रजांकडे गेला, तो १९४७ पर्यंत.

स्वातंत्र्यानंतर नौदल होतं, पण नौदल युद्धासाठी. किनाऱ्यावर कस्टमच्या लाँच होत्या आणि त्यांच्यापेक्षा वेगाने पळणारी, दुबईहून सोनं आणणारी गलबतं होती. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि चोरट्या सोन्याला भाव चढला. दमणपासून खाली रायगडपर्यंतच्या खाड्या, चिंचोळी बंदरं आणि सुरूची बनं या धंद्याला जणू बेतून दिल्यासारखी होती. सोनं, घड्याळं, परदेशी कापड आत यायचं आणि चांदी बाहेर जायची. दमणचा सुकूर नारायण बखिया आणि मुंबईचा हाजी मस्तान ही नावं घराघरांत माहीत होती. १९७० मध्ये नाग समिती नेमली गेली ती याच कारणाने: सरकारी बोटी चोरांच्या गलबतांना गाठू शकत नव्हत्या.

मग तेल लागलं. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने बॉम्बे हायमध्ये तेल शोधलं. दोन वर्षांनी जो मोठा वायूसाठा सापडला त्याला नाव मिळालं बेसिन, म्हणजे आपली वसईच. (नौदलाचं सुरुंग काढणारं एक छोटं जहाजही पन्नाशीच्या दशकात या नावाने होतं. वसईकरांना आपल्या गावाचं नाव असं सरकारी कागदावर अधूनमधून भेटत असतं.) समुद्रात कोट्यवधींचे फलाट उभे राहिले, पण त्यांच्याभोवती गस्त घालायला कोण? १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यावर भारताचा आर्थिक हक्क आला. वीस लाख चौरस किलोमीटर पाणी एका सहीने पदरात पडलं आणि ते राखायला हाताशी फारसं काही नव्हतं.

१९७४ च्या सप्टेंबरात के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पोलीस अधिकारी असलेल्या, सीमा सुरक्षा दल उभारलेल्या या माणसाने समुद्रासाठीही एक वेगळं दल हवं असं सांगितलं. १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते, म्हणजे तटरक्षक दल, हंगामी स्वरूपात सुरू झालं. १९ ऑगस्ट १९७८ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या हस्ते रीतसर स्थापना झाली. मोरारजीभाई वलसाडजवळच्या भदेलीचे, डहाणूपासून फार लांबचे नव्हेत. हा किनारा त्यांना नकाशावरून शिकावा लागला नसावा. पहिले महासंचालक व्हाइस अ‍ॅडमिरल व्ही. ए. कामथ.

जहाजं मात्र उसनवारीची. नौदलाने 'कृपाण' आणि 'कुठार' ही दोन जुनी फ्रिगेट दिली आणि गृहखात्याकडून पाच छोट्या गस्ती बोटी आल्या. यातल्या 'कृपाण'ची गोष्ट वेगळी. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' बुडवली तेव्हा 'कृपाण' तिच्या सोबतीला होती. सोबतीण डोळ्यांदेखत गेली. अशा जहाजाला सात वर्षांनी माणसं वाचवण्याच्या आणि चोर पकडण्याच्या कामावर पाठवलं गेलं. कुणी ठरवून केलेलं नसेल, पण साजेसं होतं.

तटरक्षक दलाची स्वतःची जहाजं ऐंशीच्या दशकात येऊ लागली. माझगाव डॉकने बांधलेलं 'विक्रम' १९८३ च्या डिसेंबरात दाखल झालं. चौऱ्याहत्तर मीटर लांबीचं, मागच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवणारं हे मोठं गस्ती जहाज. त्याच्या पाठोपाठ 'विजया', 'वीरा', 'वरुणा', 'वज्र' अशी 'व'काराची भावंडं आली. या जहाजांनी तीस-तीस वर्षं पाणी कापलं. 'वरुणा' तर आयुष्याच्या उत्तरार्धात कोचीला शिकाऊ अधिकाऱ्यांना समुद्र शिकवत होती आणि २०१७ मध्ये श्रीलंकेच्या तटरक्षक दलाला भेट म्हणून गेली.

मला मात्र छोट्या जहाजांची नावं जास्त आवडतात. मोठ्यांना पराक्रमाची विशेषणं मिळाली आणि छोट्यांना बायका मिळाल्या. 'जिजाबाई', 'चांदबीबी', 'कित्तूर चन्नम्मा', 'राणी जिंदन', काश्मिरी कवयित्री 'हब्बा खातून', तमिळ 'अव्वैयार'. पुढच्या तुकडीत 'ताराबाई', 'अहल्याबाई', 'लक्ष्मीबाई', 'अक्कादेवी', 'नायकीदेवी', 'गंगादेवी'. ज्या कारकुनाने किंवा अधिकाऱ्याने ही यादी केली त्याचा इतिहास पक्का असणार.

'ताराबाई' सिंगापूरला बांधली गेली आणि १९८७ मध्ये दलात आली. (पाकिस्तानने आपली सागरी सुरक्षा संस्था उभारली तीही याच वर्षी, त्या संस्थेशी पालघर जिल्ह्याची गाठ पुढे पडायची होती.) लांबी सुमारे ४५ मीटर, वजन सव्वादोनशे टनांच्या आसपास, वेग ताशी २६ सागरी मैलांपर्यंत. पुढच्या डेकवर ४० मिलिमीटरची एक बोफोर्स तोफ, दुसऱ्या महायुद्धातल्या बनावटीची. या तोफेत गोळे चार-चारच्या जुडीने हाताने वरून खोचावे लागतात. खोचणारा थकला की तोफ थकली. वर्षानुवर्षं या जातीच्या जहाजांचं काम कंटाळवाणं असतं. मच्छीमार बोटींची नोंद घ्यायची, परदेशी ट्रॉलर हाकलायचे, इंजिन बंद पडलेली बोट ओढून आणायची, वादळाच्या आधी फिरून 'माघारी जा' सांगायचं. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं, मुंबईत स्फोट झाले आणि महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टमची एकत्र गस्त सुरू झाली, 'ऑपरेशन स्वान'. तेव्हापासून हे काम आणखी वाढलं. वर्तमानपत्रात नाव येण्यासारखं त्यात काही नसतं.

१९९९ च्या नोव्हेंबरात ते आलं, आणि जगभर आलं.

गोष्ट सुरू होते सुमात्रात. २२ ऑक्टोबर १९९९ रोजी 'अलोंद्रा रेनबो' हे कोरं करकरीत मालवाहू जहाज कुआला तांजुंग बंदरातून जपानकडे निघालं. मालक जपानी, झेंडा पनामाचा. पोटात ७,००० टन अ‍ॅल्युमिनियमच्या लगडी, किंमत सुमारे एक कोटी डॉलर. जहाजावर सतरा माणसं: कप्तान आणि मुख्य इंजिनीअर जपानी, बाकी पंधरा फिलिपिनो. बंदर सोडून काही तास होतात न होतात तोच तलवारी आणि बंदुका घेतलेले चाचे चढले. खलाशांना दुसऱ्या जहाजावर कोंडलं आणि आठवड्याभराने, २९ तारखेला, रबरी तराफ्यावर बसवून भर समुद्रात सोडून दिलं. दहा दिवस ती सतरा माणसं त्या तराफ्यावर होती. जवळून जहाजं जात, कुणी थांबत नसे. शेवटी ८ नोव्हेंबरला थायलंडच्या मच्छीमारांनी त्यांना पाहिलं आणि वर घेतलं. जगातली मोठमोठी मालवाहू जहाजं पुढे निघून गेली आणि थांबली ती मासळीची होडी, ही गोष्ट आमच्या पाचूबंदरला किंवा नायगावला कुणाला सांगितली तर कुणी नवल करणार नाही.

माणसं सापडली, जहाज नाही. क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्राने सगळ्या जहाजांना वर्णन कळवलं होतं. एका कुवेती टँकरच्या कप्तानाला त्या वर्णनाशी जुळणारं जहाज दिसलं. १४ नोव्हेंबरला तटरक्षक दलाच्या डॉर्नियर विमानाने केरळच्या किनाऱ्यापलीकडे ते शोधून काढलं. जहाजावर नाव होतं 'मेगा रामा', झेंडा बेलीझचा. बेलीझकडे चौकशी केली तर अशा नावाचं जहाज त्यांच्या दप्तरात नव्हतंच.

कोचीहून 'ताराबाई' निघाली.

आता हे चित्र नीट डोळ्यांसमोर आणायला हवं. पुढे पळणारं जहाज सात हजार टन माल वाहू शकणारं, पोलादी, उंच. मागे लागलेली ताराबाई त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढी. वेगात ताराबाई सरस होती, गाठणं अवघड नव्हतं. अवघड होतं थांबवणं. रेडिओवर हाका मारल्या; जहाज थांबलं नाही. मग पुढ्यातून गोळे टाकले. समुद्रातली ही जुनी रीत आहे: नाळेच्या पुढे पाण्यात गोळा पडला की शहाण्या कप्तानाने इंजिन बंद करावं. 'मेगा रामा'ने वायव्येकडे तोंड ठेवून चाल चालूच ठेवली. थेट जहाजावर मारा करावा, तर भडका उडायचा, माणसं मरायची, आणि एवढं करून जहाज खरंच चोरीचं नसलं तर? अशा वेळी बंदुकीपेक्षा चिकाटी लागते. ताराबाईने तिची पाठ सोडली नाही. नौदलाला कळवलं गेलं आणि 'प्रहार' ही क्षेपणास्त्र नौका पाठवण्यात आली.

१६ नोव्हेंबरला, मुंबईपासून पावणेतीनशे-तीनशे सागरी मैलांवर, 'प्रहार'च्या माऱ्यानंतर 'मेगा रामा' थांबली. थांबली तेव्हा ती बुडायला लागली होती. चाच्यांनी इंजिनखोलीत पाणी सोडलं होतं आणि आग लावली होती. जहाज तळाला गेलं असतं तर पुरावा गेला असता. उरले असते पंधरा इंडोनेशियन 'अपघातग्रस्त खलाशी', ज्यांना वाचवणं हे उलट पाठलाग करणाऱ्यांचंच कर्तव्य ठरलं असतं. नौदलाची माणसं जहाजावर चढली, आग विझवली, पाणी आवरलं, पंधराही जणांना धरलं आणि जहाज मुंबईला आणलं. खोट्या नावाखाली 'अलोंद्रा रेनबो'च होती. अ‍ॅल्युमिनियमपैकी सुमारे ३,००० टन वाटेतच उतरवलं गेलं होतं.

समुद्रात जहाजं गायब करायची, नाव बदलायचं, कागद बदलायचे आणि माल विकायचा, हा धंदा त्या काळात आग्नेय आशियात तेजीत होता. 'भुताळी जहाजं' म्हणत त्यांना. असं जहाज भर समुद्रात पाठलाग करून, चाच्यांसकट, जिवंत पकडल्याची उदाहरणं नव्हती. शाबासकी सगळीकडून आली. ('प्रहार'चं नशीब पुढे फिरलं. २००६ च्या एप्रिलमध्ये गोव्याजवळ एका व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन ती बुडाली.)

जहाज पकडण्याची गोष्ट इथे संपते आणि मला जी सांगायची आहे ती सुरू होते.

मुंबईत यलो गेट पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. पण कुठल्या कलमाखाली? जहाज पनामाचं, मालक जपानी, लुटलेले खलाशी फिलिपिनो आणि जपानी, आरोपी इंडोनेशियन, गुन्हा घडला इंडोनेशियाजवळ, पकडलं खुल्या समुद्रात. यात भारताचं काय? भारतीय दंड विधानात दरोडा होता, पण चाचेगिरी या नावाचा गुन्हाच नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याला भारताने १९९५ मध्ये मान्यता दिली होती. चाचा हा साऱ्या जगाचा शत्रू, त्याला कुठल्याही देशाने धरावं, हे तत्त्व त्यात आहे. पण त्या तत्त्वाला घरचा कायदा करायचं काम संसदेने केलं नव्हतं. सरकारी पक्षाला इंग्रजांच्या काळातले, एकोणिसाव्या शतकातले दर्यावर्दी कायदे धुंडाळावे लागले.

मुंबईच्या सत्र न्यायालयाने तरीही धीर केला. फेब्रुवारी २००३ मध्ये चौदा जणांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. पंधरावा आरोपी खटला चालू असतानाच वारला होता. जगभरच्या जहाजमालकांनी या निकालाचं स्वागत केलं. एप्रिल २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना सोडून दिलं.

उच्च न्यायालयाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. कायद्यात जे लिहिलेलं नाही ते न्यायाधीशाने आरोपीच्या विरोधात वाचू नये, यातच नागरिकाची सुरक्षितता आहे. दोष दिल्लीचा. तटरक्षक दल उभं करताना जहाजं दिली, तोफा दिल्या, गणवेश दिला. ज्याला पकडायचं त्याचं करायचं काय, हे ठरवायला मात्र सवड झाली नाही. पोर्तुगिजांकडे कार्ताझ होतं आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा करणारा त्यांचाच दरबार होता. अन्यायाचा असेल, पण पूर्ण बंदोबस्त होता. ताराबाईकडे 'थांब' म्हणायची ताकद होती. पुढचं पान कोरं होतं.

ते पान आणखी सतरा वर्षं कोरं राहिलं. मधल्या काळात सोमाली चाचे लक्षद्वीपपर्यंत आले. २८ जानेवारी २०११ रोजी तटरक्षक दलाच्या 'संकल्प'ने नौदलाच्या 'कांकारसो'सोबत 'प्रांतालय-१४' या बळकावलेल्या थाई ट्रॉलरला गाठलं. पंधरा चाचे हाती आले, वीस मच्छीमार सुटले. आणखी कारवाया झाल्या आणि शंभराहून अधिक सोमाली मुंबईच्या तुरुंगांत आले. 'प्रांतालय-१४'च्या चाच्यांना शिक्षा झाली ती २०१७ मध्ये. तोवर सात वर्षांच्या शिक्षेतली सहा भोगून झाली होती.

इकडे आपल्या किनाऱ्यावर थांबवण्याचा अर्थ बदलत होता. २००८ च्या नोव्हेंबरात दहशतवादी पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार बोट बळकावून मुंबईजवळ आले आणि तिच्या तांडेलाला मारून, बोट तशीच सोडून शहरात उतरले. त्यानंतर प्रत्येक मच्छीमार बोट संशयित झाली. २००९ च्या फेब्रुवारीत किनाऱ्यालगतच्या पाण्याची सुरक्षाही तटरक्षक दलाच्या अखत्यारीत आली. सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, बोटींना क्रमांक ठसठशीत रंगवावे लागले. अर्नाळ्याहून किंवा किल्लाबंदरहून निघालेल्या बोटीला एका फेरीत सागरी पोलीस विचारणार, मत्स्यव्यवसाय खात्याची बोट विचारणार, तटरक्षक दल विचारणार. परवाना दाखव, खलाशी मोज, कार्ड काढ. तांडेल कुरकुरतो. डोलीच्या जाळ्याचा हिशेब भरती-ओहोटीवर असतो. पाणी फिरलं की जाळं ओढावंच लागतं, साहेबाची तपासणी संपायची वाट पाणी पाहत नाही. वसई-उत्तनच्या आणि पालघर-डहाणूच्या मच्छीमारांमध्ये कवींच्या हद्दीवरून, म्हणजे जाळ्याच्या खुंटांवरून, पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे. भर समुद्रातल्या त्या वादात कुणी गस्तीबोट मध्ये पडायला हवी असते, तेव्हा ती दिसत नाही, अशीही तक्रार असते. तपासणी हवीच, पण ज्याच्या डोळ्यांवर समुद्राची खरी राखण अवलंबून आहे त्याच्याशी बोलण्याची पद्धत राखणदाराला साजेशी हवी.

कारण वेळ आली की हेच दल धावून येतं, हेही इथल्या माणसाने पाहिलं आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ 'पी-३०५' हा तराफा बुडाला आणि दुसरा एक, 'गल कन्स्ट्रक्टर', नांगर तुटून भरकटत उत्तरेला आला. पालघर जिल्ह्यात वडराईच्या खडकांवर तो चढला. त्यावर १३७ माणसं होती. तटरक्षक दलाचं 'सम्राट' मदतीला वळवलं गेलं, पण लाटांमुळे आणि उथळ पाण्यामुळे कुठलंच जहाज लागेना. मग तटरक्षक दलाची चेतक आणि नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं आली. चेतक हे छोटं हेलिकॉप्टर, एका खेपेत मोजकीच माणसं उचलणारं. खेपांवर खेपा करून १३७ पैकी १३७ जण किनाऱ्यावर आणले.

त्याच वडराईतला एक तरुण मच्छीमार त्याच वर्षी नोव्हेंबरात गेला. पालघर, डहाणू, तलासरीकडची पोरं हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात; ओखा, पोरबंदर, वेरावळ. मासळी आता लांब गेली, म्हणून बोटीही सीमेला चिकटून चालतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अशा एका बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा संस्थेने गोळीबार केला आणि तो त्यात मारला गेला. त्यांच्या भाषेत तेही 'थांब' म्हणणंच होतं. ताराबाईच्या तोफेने नाळेच्या पुढे पाण्यात गोळे टाकले होते, कारण समोर माणसं होती. इथे गोळ्या केबिनमध्ये लागल्या. जिल्ह्यातले कितीतरी खलाशी याआधी वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात राहून आले आहेत. समुद्रावर रेघ दिसत नाही, हे त्यांना कुठल्याही न्यायालयापेक्षा जास्त ठाऊक आहे.

चाचेगिरीविरोधी कायदा संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तो लागू झाला. चाचेगिरी म्हणजे काय, हे आता भारतीय कायद्यात लिहिलेलं आहे. कुठल्याही देशाचं जहाज असो, कुठलाही आरोपी असो, खुल्या समुद्रात पकडलेल्या चाच्यावर भारतात खटला चालवता येतो. जन्मठेपेची तरतूद आहे, आणि चाचेगिरीत कुणाचा जीव गेला तर फाशीचीही.

त्याचा पहिला मोठा कस लागला २०२४ च्या मार्चमध्ये. सोमाली चाच्यांनी बळकावलेलं 'रुएन' हे मालवाहू जहाज नौदलाच्या 'कोलकाता'ने चाळीस तास गाठून ठेवलं. शेवटी पस्तीस चाच्यांनी शरणागती पत्करली आणि सतरा खलाशी सुखरूप सुटले. 'अलोंद्रा रेनबो'वरही सतराच होते. २३ मार्चला 'कोलकाता' मुंबईला लागली. पस्तीस जणांना पोलिसांच्या ताब्यात दिलं गेलं, आणि गुन्हा नोंदवला गेला त्याच यलो गेट पोलीस ठाण्यात. या वेळी ठाणे अंमलदाराला कलम शोधावं लागलं नाही.